कै. गोविंद बल्लाळ देवल : नट, ग्रंथकार आणि तालीममास्तर

जुन्या कागदांच्या शोधार्थ हिंडणाऱ्या मनुष्याची नजर ठराविक दिशेनेंच जाते. वसई तालुक्यांतील कामण अथवा त्याच्या आसपासच्या गांवीं कोणाच्या माळ्यावर एखादें बाड आहे असें कानीं आलें, कीं आम्हांस प्रथम आठवते ती १७३७ ते १७३९ ची चिमाजी आप्पांची मोहीम. सनद निघेल, महजर निघेल, निदान मोडींतील जमाखर्चाचें एखादें पान तरी निघेल, अशी आशा असते. त्याच रुमालांत नाटकांतल्या एखाद्या पात्राची बालबोधींत उतरलेली नक्कल सांपडली, तर ती आपण सहज बाजूस सारतों. हा दोष आम्ही इतरांस देत नाहीं. आमचाही हात त्यांत आहेच. परंतु ज्या पुरुषाविषयीं येथें लिहावयाचें आहे, त्याच्या कार्याचा निम्मा पुरावा अशाच टाकाऊ समजलेल्या कागदांत असावयाचा, म्हणून ही प्रस्तावना.

देवलांच्या नांवावर सात नाटकें आहेत : 'दुर्गा' (१८८६), 'मृच्छकटिक' (१८८७), 'विक्रमोर्वशीय' (१८८९), 'झुंजारराव' (१८९०), 'शापसंभ्रम' (१८९३), 'शारदा' (१८९९), आणि १८९३ च्या 'फाल्गुनराव' या गद्य नाटकाचें संगीत रूप 'संशयकल्लोळ' (१९१६). यांपैकीं स्वतंत्र तें एकटें 'शारदा'. बाकी कांहीं संस्कृतावरून, कांहीं इंग्रजीवरून घेतलेलीं. 'झुंजारराव' हें शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चें रूपांतर. 'शापसंभ्रमा'स बाणाच्या 'कादंबरी'चा आधार. आणि 'फाल्गुनराव' मोलिएरपासून मर्फी नांवाच्या इंग्रज नाटककारामार्फत मराठींत आलेला. एवढ्यावरून देवल हे एका नाटकाचे कर्ते आणि सहा नाटकांचे भाषांतरकार, असा हिशेब मांडण्याची चाल पडली आहे. हा हिशेब आम्हांस मान्य नाहीं. देवल हे ग्रंथकार होऊन मग रंगभूमीवर आलेले नव्हेत. त्यांनीं आधीं भाषणें बोलून पाहिलीं, दुसऱ्यांकडून बोलवून घेतलीं, आणि मग लिहिलीं. हा क्रम ध्यानांत घेतला म्हणजे त्यांचीं रूपांतरेंही निराळीं दिसूं लागतात.

त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा. बाळपण सांगलीनजीक हरिपूर येथें गेलें. सांगली म्हणजे जेथें १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवरा'चा खेळ केला तें गांव. त्या खेळांची पद्धति वाचकांस ठाऊक आहे. कथानक सूत्रधारानें पदांतून गावें, आणि पात्रांनीं त्याच्या अनुरोधानें प्रसंगीं सुचेल तें बोलावें. राक्षसांनीं तर अललल डुर्र करून रंगभूमि दणाणून सोडावी. अशा नाटकांत भाषण शिकविणारा मनुष्य लागत नाहीं, कारण ठरलेलें भाषणच नसतें. पुढें कीर्तन्यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' (१८६१) या नाटकापासून लिहिलेल्या, म्हणजे त्या वेळच्या भाषेंत बुकिश, नाटकांचा काळ सुरू झाला. तेव्हां नटापुढें अडचण उभी राहिली. दुसऱ्यानें लिहिलेलें वाक्य आपलें म्हणून कसें बोलावें? ग्रंथांतील मराठी तोंडांत बसेना, आणि तोंडांतील मराठी ग्रंथांत येईना. ही गांठ सोडविणाराचें नांव पुढें तालीममास्तर असें पडलें. शब्द आखाड्यांतला आहे, आणि आमच्या मतें तो चुकलेला नाहीं; येथेंही एकच पेंच शंभर वेळां करून घ्यावयाचा असतो.

देवलांचें शिक्षण बेळगांवीं झालें, व तेथेंच त्यांनीं कांहीं काळ शिक्षकाचें काम केलें. बेळगांवांतच त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर हे शिक्षक म्हणून लाभले, आणि या गुरुशिष्यसंबंधानें देवलांच्या आयुष्याला वळण लागलें. १८८० सालीं पुण्यास 'शाकुंतला'चा प्रयोग होऊन किर्लोस्कर मंडळी उदयास आली. देवल त्या मंडळींत नट म्हणून वावरले, आणि तालमीच्या कामांतही त्यांचा हात होता. १८८५ च्या नोव्हेंबरांत अण्णासाहेब वारले. पुण्यास देवलांनीं शेतकीचें शिक्षण घेतलें, तसा आर्योद्धारक मंडळीशींही त्यांचा संबंध आला. शाळामास्तर, नट, शेतकीचा विद्यार्थी, कवि, तालीममास्तर अशीं हीं स्थित्यंतरें वरवर पाहणारास विस्कळित वाटतील. परंतु मुलांस धडा म्हणावयास लावणें आणि नटास भाषण म्हणावयास लावणें यांत अंतर फारसें नाहीं.

आतां नक्कल म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. नाटकमंडळी प्रत्येक नटास सबंध पुस्तक देत नसत. ज्याचें त्याचें भाषण, आणि त्याच्या आधीं दुसऱ्याच्या तोंडीं येणारे शेवटचे दोनचार शब्द, एवढेंच उतरून देत. नटानें तें पाठ करावयाचें. अर्थ, आघात, विराम, कोणतें वाक्य गिळावयाचें आणि कोणतें लांबवावयाचें, हें कागदावर नसे. तें तालमींत मिळे. म्हणून छापील पुस्तकांत नाटककार सांपडतो, तालीममास्तर सांपडत नाहीं. फार तर नकलेच्या समासांतील एखादी रेघ, एखादा खोडलेला शब्द, यांत त्याची चाहूल लागावी.

तरीही देवलांच्या छापील गद्यांत ती चाहूल लागते, असें आमचें म्हणणें आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचें 'ऑथेल्लो'चें भाषांतर १८६७ चें. तें विद्वानाचें काम आहे आणि वाचावयास योग्य आहे. पण त्याच कथेचा 'झुंजारराव' गणपतराव जोशांच्या तोंडीं गाजला. 'मृच्छकटिका'ची अडचण याहून मोठी होती. मूळांत शूद्रकानें नाना प्राकृत बोली योजिल्या असून शकार तर सकाराच्या जागीं शकारच बोलतो. मराठींत हे सगळे भेद उतरविणें शक्य नाहीं. पात्रांचा दर्जा आणि स्वभाव वाक्यांच्या ठेवणीनें व उच्चारांच्या ढबीनेंच दाखवावा लागतो. हें काम भाषांतरकाराच्या आंवाक्याबाहेरचें आहे. त्यास तालीममास्तर पाहिजे. देवलांच्या ठिकाणीं दोघेही एकत्र होते.

'शारदे'बद्दल पुष्कळ लिहिलें गेलें आहे, म्हणून येथें थोडकेंच. भुजंगनाथ, भद्रेश्वर, कांचनभट, कोदंड, वल्लरी हीं पात्रें प्रत्येकजण आपापल्या घरचें मराठी बोलतात. नांव झांकून भाषण वाचलें तरी बोलणारा ओळखूं येतो. जाणाऱ्या वयाच्या धनिकास कोंवळी मुलगी विकण्याचा व्यवहार त्या बोलीमुळेंच प्रेक्षकांच्या अंगावर येतो. जातां जातां एका गैरसमजाचा उल्लेख करूं. १९२९ च्या बालविवाहनिर्बंध कायद्यास लोक शारदा कायदा म्हणत, आणि तें नांव या नाटकावरून पडलें असें सांगणारे आम्हांस भेटले आहेत. तें नांव अजमेरच्या हरबिलास सारडा यांचें आहे. चूक मात्र अर्थपूर्ण आहे, एवढें म्हणूं.

देवलांच्या तालमींतील शिष्यांत दोन नांवें मुख्य : गणपतराव बोडस आणि नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व. बालगंधर्व १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत आले. त्यांचें गाणें भास्करबुवा बखल्यांनीं घडविलें, हें सर्वतोमुखीं आहे. त्यांचें बोलणें देवलांनीं घडविलें, हें तितकेंसें बोललें जात नाहीं. पुरुषानें स्त्रीचें भाषण करावयाचें, तेंही गद्यांत, सुरांचा आधार नसतां; येथें तालीम कच्ची असेल तर हंसें होतें. बोडसांनीं पुढें 'माझी भूमिका' (१९४०) हें आत्मचरित्र लिहिलें. देवलांचा विचार करणारानें तें जवळ ठेवावें. १९१३ सालीं या दोघांनीं गोविंदराव टेंब्यांसह गंधर्व मंडळी काढली, आणि १९१६ सालीं तिनें 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणलें. त्यांत बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती. त्याच वर्षीं १४ जून रोजीं देवल निवर्तले.

ग्रामोफोनच्या तबकड्यांनीं बालगंधर्वांचीं पदें राखलीं. गद्याच्या वांट्यास त्यांतील जागा फारशी आली नाहीं. देवलांच्या या शिष्याचें बोलणें कानांनीं ऐकावयाचें तर प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' (१९३५) या बोलपटाकडे जावें लागतें. तेथें ते एकनाथ आहेत, रेवती नव्हेत; आणि देवलांस जाऊन तेव्हां एकोणीस वर्षें झालीं होतीं. तरी शब्द सोडण्याची ती सावकाश, स्वच्छ रीत ऐकतांना एका जुन्या शाळामास्तराची आठवण होते, असें आम्हांस वाटतें.

'फाल्गुनराव' आणि 'संशयकल्लोळ' या दोहोंमध्यें तेवीस वर्षांचें अंतर आहे. या काळांत देवलांनीं गद्यांतील कोणतीं वाक्यें तोडलीं व कोणतीं तशींच ठेवलीं, याचा मेळ छापील प्रतींवरून घालण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें आहे. तालमींतील फरक कळण्यास नकलाच पाहिजेत. किर्लोस्कर, शाहूनगरवासी अथवा गंधर्व मंडळींतील कोणत्याही पात्राच्या, विशेषतः 'शारदें'तील कांचनभट व भद्रेश्वर यांच्या, हातच्या नकला ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्या समासांसकट, खोडलेल्या ओळी न पुसतां, पाहावयास द्याव्या. पानें फाटकीं असलीं तरी चालतील.