सगळ्यांना द्यायची यादी

इंटरनेटच्या पूर्वसुरीच्या, म्हणजे आर्पानेटच्या, काळात जाळ्यावरच्या सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये मावत. ही फाइल कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्रात सांभाळली जाई. केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवं यंत्र जोडलं की तिथे कळवायचं, आणि बाकीच्यांनी अधूनमधून ताजी फाइल उतरवून घ्यायची. कुणापासून काही लपवायचं नव्हतं. उलट यादी सगळ्यांकडे असणं हेच तिचं काम होतं.

मग गर्दी वाढली. ऑगस्ट १९८१मध्ये २१३ यंत्रं होती, ऑक्टोबर १९८४पर्यंत १,०२४ झाली. एकाच कचेरीतून एवढा कारभार चालेना: फाइल फुगत गेली आणि प्रत्येकाच्या हातात पोहोचेपर्यंत शिळी होऊ लागली. १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. यादीचे तुकडे करायचे आणि ज्याचा तुकडा त्याने सांभाळायचा, ही त्यातली मुख्य कल्पना.

पण एका सर्व्हरवर भिस्त ठेवून कसं चालेल? तो बंद पडला तर त्या तुकड्यातली नावंच हरवायची. म्हणून दुसऱ्या सर्व्हरवर नक्कल ठेवायची सोय आराखड्यात होती. दुय्यम सर्व्हरने मुख्य सर्व्हरकडे सगळ्या नोंदी मागायच्या, मुख्याने त्या द्यायच्या. या व्यवहाराला 'झोन ट्रान्सफर' म्हणतात. मागणारा खरोखर दुय्यम सर्व्हरच आहे का, हे तपासण्याची तरतूद मात्र मूळ आराखड्यात नव्हती.

सायबरसुरक्षेच्या नवशिक्यांना आजही हे कोडं घालतात. मी ते सोडवलं तेव्हा हाताशी फक्त एका सर्व्हरचा पत्ता आणि एक डोमेन नाव होतं. 'डिग' या आज्ञेने सर्व्हरला विचारलं: या नावाखालचं सगळं दे. कुलूप फोडावं लागलं नाही, पासवर्ड ओळखावा लागला नाही. नोंदींची रांगच पडद्यावर उतरली आणि तिच्यातल्या एका मजकूर-नोंदीत हवा तो शब्द होता. उत्तर सापडल्याच्या आनंदापेक्षा मला नवल वाटलं ते सर्व्हरच्या भाबडेपणाचं. त्याने काहीच चूक केली नव्हती. जुन्या शेजारधर्माला धरूनच तो वागला होता.

कोड्याबाहेर मात्र हा भाबडेपणा महागात पडतो. संस्थेचा चाचणीसाठीचा सर्व्हर कुठला, जुनी विसरलेली मेल-यंत्रणा कुठली, आत शिरायचं दार कुठलं, हे नावांवरूनच कळतं. हल्लेखोराला घराचा नकाशा आयता मिळतो. म्हणून आता ठरावीक पत्त्यांनाच नक्कल देण्याचं बंधन घालतात, आणि २०००मध्ये अशा मागण्यांवर सामायिक गुप्त किल्लीची सही करण्याची पद्धतही प्रमाणित झाली.

फाइनलर यांच्या केंद्राने जी यादी सगळ्यांना मिळावी म्हणून राबून ठेवली, तिच्याच वारस-यादीवर आज पहारा बसवावा लागतो. यादीचं स्वरूप फारसं पालटलेलं नाही. तेव्हा ती उतरवून घेणारे एकमेकांना ओळखत होते, एवढाच काय तो फरक.