गफार बेग मुन्शी, रेनसाहेब आणि आपल्या पोरांची इंग्रजी

लोणी काळभोरहून सोलापूर रस्त्याने पुण्याकडे निघालं, की ‘इंग्लिश मीडियम’च्या पाट्या वाचता वाचता हडपसर येतं. पोराला इंग्रजी यावी असं शेतकऱ्याला वाटतं, गॅरेजवाल्याला वाटतं, आमच्या मोहल्ल्यातल्या अम्मी-अब्बांनाही वाटतं. या इच्छेला हसणारे बहुतेक स्वतः इंग्रजी शिकून बसलेले असतात. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्याच्या घरात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, त्याला ती शिकवायची कशी?

पुण्याला हा विषय नवा नाही. जोतीराव फुल्यांना वडिलांनी शाळेतून काढलं होतं. शेजारचे उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि 1841 साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. फारसी शिकवणारा माणूस शेजाऱ्याच्या पोराला इंग्रजी शाळेत घाला म्हणतो! मुसलमानांनी इंग्रजीकडे पाठ फिरवली, एवढं एकच वाक्य आपण घोकून ठेवलंय. त्यात मुन्शीजी बसत नाहीत.

पुढे वाद झाला तो रीतीवर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची रीत साधी: मराठी वाक्य घ्या, त्याचं इंग्रजी करा, सोप्याकडून अवघडाकडे जा. शिकवायला कुणी नसलं तरी पुस्तकावर भागायचं. ज्यांना शिकवणी परवडत नव्हती, त्यांच्यासाठी हे फार मोठं काम होतं. पण या रीतीने लिहिता यायचं, तोंड उघडत नसे. त्यावर उतारा म्हणून ‘डायरेक्ट’ पद्धत आली. वर्गात मातृभाषा शक्यतो नकोच. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातल्या पी. सी. रेन यांनी 1911 मध्ये तिच्यावर पुस्तकच लिहिलं. गंमत अशी, की आज रेनसाहेब आपल्याला माहीत आहेत ते ‘रेन अँड मार्टिन’च्या व्याकरणामुळे.

सरकारं मात्र इयत्तेवरच अडून राहिली. बाळासाहेब खेरांच्या काळात इंग्रजी आठवीवर गेली, नंतर पाचवीवर आली. हवेलीतून निवडून आलेले रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, 2000 साली, ती मराठी शाळांत पहिलीपासून सुरू झाली. टीका खूप झाली. मला तो निर्णय रास्त वाटतो. पैसेवाल्याचं पोर बालवाडीपासून इंग्रजी ऐकणार आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पाचवीपर्यंत थांबणार, यात न्याय कुठला? अडचण पुढची होती. जे गुरुजी स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकले, बोलायची सवय ज्यांना कधी लागलीच नाही, त्यांनीच आता पहिलीला बोलकी इंग्रजी शिकवायची. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने ‘वी लर्न इंग्लिश’ हा श्राव्य कार्यक्रम केला, तो ही नड ओळखून. पोरांनी ऐकायचं, लगेच उत्तर द्यायचं, आणि समजावून सांगायला त्यांची भाषा हाताशी.

मला हीच वाट पटते. आमच्या घरांत बारिश, शाळेत पाऊस, पुस्तकात रेन. पहिले दोन शब्द वर्गाबाहेर ठेवून तिसरा पक्का होत नाही. आणि तिघांचा अर्थ नुसता फळ्यावर उतरवून घेतल्याने तो जिभेवर येत नाही. गोष्ट आधी आपल्या बोलीत कळू द्या, मग तीच इंग्रजीत दोनदा-तीनदा ऐकवा, मग पोरांनाच बोलू द्या. चुकली तर चुकू द्या.

पुढच्या पालकसभेत फी किती हे विचारून झालं, की एवढंही विचारा: तासाभरात पोरं स्वतः इंग्रजी किती बोलतात, आणि अडलं तर बाईंना आपल्या भाषेत विचारायची त्यांना मुभा आहे का?