एक वर्ष आणि एक दिवस : हँडफास्टिंगची कुळकथा

#धागा

३० एप्रिलची रात्र. एडिंबरोच्या कॅल्टन टेकडीवर जाळ पेटले आहेत. उन्हाळ्याच्या स्वागताचा हा गेलिक सण म्हणजे बेल्टेन. या टेकडीवर तो १९८८ पासून नव्याने साजरा होतो. पेगन सणांभोवती गुंफलेल्या आजच्या प्रेमकथांना अशी रात्र फार प्रिय. वर्षानुवर्षांची मैत्री असलेली दोन माणसे अग्नीपाशी उभी राहतात, त्यांच्या जोडलेल्या हातांभोवती दोरी गुंडाळली जाते आणि ती दोघे वचन देतात. जन्मभराचे नव्हे, एक वर्ष आणि एक दिवस एवढ्याचेच.

हा विधी म्हणजे हँडफास्टिंग. जुन्या स्नेह्यांच्या कथेत तो चपखल बसतो, कारण त्यांच्यापाशी गमावण्यासारखे आधीच बरेच असते. प्रेम फसले तर मैत्रीही जाईल, या भीतीवर मुदतीचे वचन हा उतारा. ‘प्राचीन केल्ट असेच करीत’, अशी पुस्तीही जोडली जाते. ती कितपत खरी?

शब्द निःसंशय जुना. त्याच्या नॉर्स मुळाचा अर्थ, हातात हात देऊन करार पक्का करणे. (पाणिग्रहणाची आठवण होणे साहजिक, पण तेवढ्यावरून नाते जोडू नये.) मध्ययुगीन स्कॉटलंडमध्ये हँडफास्टिंग म्हणजे वाङ्निश्चय. आपल्या साखरपुड्याहून मात्र हे प्रकरण फार जड होते. चर्चच्या तत्कालीन कायद्यानुसार विवाह घडे तो उभयतांच्या संमतीने. पुढे लग्न करू असे वचन दिले आणि त्यानंतर शरीरसंबंध आला, की विवाह झालाच. पुरोहित नको, साक्षीदारही नकोत. आणि परतीची वाट नाही.

घात होई तो साक्षीदार नसल्यामुळेच. पुरुषाने वचन नाकारले, तर ते सिद्ध करण्याचा भार स्त्रीवर येई आणि मुलांचे औरसपणही त्यावरच लोंबकळत राही. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर नव्या चर्चला ही संदिग्धता खपेना. १५६२ मध्ये ॲबर्डीनच्या चर्चसभेने नोंद केली, की गावातील अनेक जोडप्यांनी सहा-सात वर्षांपूर्वी हँडफास्टिंग केले आहे, पण चर्चमध्ये लग्न केलेलेच नाही. त्यांना ते उरकण्याचा हुकूम झाला. सहा-सात वर्षे! यात ‘एका वर्षाची’ मुदत कुठेच नाही.

मग ती आली कोठून? मुख्यतः प्रवाशांच्या वह्यांतून. १७०३ मध्ये मार्टिन मार्टिनने पश्चिमेकडील बेटांवर पूर्वी असलेली वर्षभराची चाल वर्णिली. १७७२ च्या दौऱ्यात टॉमस पेनंटने एस्क नदीच्या दोन शाखांच्या संगमावरील जत्रेची हकीकत टिपली : तरुण-तरुणी तेथे जोडीदार निवडत, पुढच्या जत्रेपर्यंत एकत्र राहत आणि न पटल्यास विलग होत. दोन्ही हकीकती गतकाळाविषयीच्या, ऐकीव. १८२० मध्ये वॉल्टर स्कॉटने ‘द मोनॅस्टरी’ या कादंबरीत ‘एक वर्ष आणि एक दिवस’ घातले आणि मग ती प्रथा कोणाच्याच हाती राहिली नाही.

१९५८ मध्ये ए. ई. अँटन या कायदेपंडिताने कागदपत्रे तपासून दाखवले, की मुदतीच्या विवाहाला भक्कम आधार नाही. गेलिक प्रदेशात विवाहबंध सैल असत हे खरे, परंतु त्याला हँडफास्टिंग म्हणणे ही नंतरची गल्लत होय.

तोवर इंग्लंडमध्ये नवपेगन पंथ उभा राहू लागला होता. चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, जेरल्ड गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ १९५४ मध्ये निघाले. या नव्या धर्माने विवाहविधी म्हणून हँडफास्टिंग उचलले आणि त्याबरोबर स्कॉटची मुदतही. याला लबाडी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. जुन्या वाङ्निश्चयात सुटका नव्हती आणि त्याची किंमत बहुधा स्त्रीच मोजत असे. नव्या विधीत दोघांनाही ‘नाही’ म्हणता येते. कादंबरीकाराच्या चुकीतून माणसांनी आपल्या गरजेपुरती प्रथा घडवली, इतकेच.

कायद्याचे गणित मात्र निराळे. निव्वळ वचन आणि शरीरसंबंध यांतून होणारा विवाह स्कॉटलंडने १९३९ च्या कायद्याने बंद केला, त्याची अंमलबजावणी १९४० पासून झाली. इंग्लंड-वेल्समध्ये पेगन विधीने कायदेशीर लग्न होत नाही, नोंदणी वेगळी करावी लागते. स्कॉटलंडमध्ये अधिकृत पेगन विधिकर्ता लग्न लावू शकतो, पण ते लग्न वर्षाने आपोआप सुटत नाही. परस्परसंमतीने घटस्फोट हवा असेल, तर २००६ पासून तेथे आधी विभक्त राहावे लागते : पूर्ण एक वर्ष.