पुढारी घडवण्याचे काम कोणाचे?

'बाबासाहेबांनंतर समाजाला नेता मिळाला नाही.' भुसावळच्या कोणत्याही वस्तीत जयंतीच्या बैठकीला बसा, हे वाक्य कानावर येतेच. जणू नेता म्हणजे वाट बघितली की मिळणारी वस्तू! बाबासाहेबांचा स्वतःचा व्यवहार मात्र याच्या उलट होता. ते माणसे घडवत होते.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. म्हणून लढा बंद पडला का? नाही. तो पुढे नेण्यात दादासाहेब गायकवाड आघाडीवर होते. सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यांचे वय होते २७. बाबासाहेबांनी या तरुणावर जबाबदारी टाकली आणि पत्रे लिहून मार्गदर्शन केले. काम सोपवायचे, पण माणसाला वाऱ्यावर सोडायचे नाही, ही ती पद्धत.

दुसरे उदाहरण आपल्या रेल्वेचे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली. भुसावळ याच रेल्वेचे जंक्शन. तिथे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. आपला माणूस गँगमनच का राहतो, वरच्या जागेवर का जात नाही, याची कारणे मांडली. नुसती युनियन पुरेशी नाही, कामगारांनी राजकारणात उतरले पाहिजे, हेही बजावले. रूळ ठोकणाऱ्या माणसाला सत्तेचा हिशेब समजावून सांगणे, हेच नेतृत्वाचे शिक्षण.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षी त्यांनी या कामाला संस्थेचे रूप दिले. जुलै १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू झाली. विद्यार्थी फक्त १५. लाखोंच्या सभा गाजवणाऱ्या माणसाला पंधरा जणांचा वर्ग मोलाचा वाटला, हे आपण लक्षात घेत नाही. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले आणि मार्च १९५७ मध्ये शाळा बंद पडली. आज आपल्याकडे पुतळे आहेत, मिरवणुका आहेत. तो वर्ग कुठे आहे?

साखळी पूर्ण तुटली असेही नाही. दादासाहेबांनी शांताबाई दाणींना चळवळीत आणले आणि त्या स्वतः मोठ्या नेत्या झाल्या. १९५९ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेबांमागे माणसे उभी राहिली, ती अशाच बांधणीमुळे. नेत्याने नेता घडवला म्हणून चळवळ पुढे गेली.

आता आपल्या विहारांकडे बघा. अध्यक्ष वर्षानुवर्षे तोच. पावतीपुस्तक त्याच्याच खिशात. पोरांच्या वाट्याला डीजे आणि झेंडे, बायांच्या वाट्याला खीर. ज्याला कधी हिशेब मांडू दिला नाही, नगरपालिकेत अर्ज घेऊन पाठवले नाही, सभेत प्रश्न विचारू दिला नाही, तो नेता होणार कसा?

सुरुवात छोटी असू द्या. रविवारी विहारात पंधरा जण बसवा, त्यांत निम्म्या मुली हव्यात. एकाने इतिवृत्त लिहावे, एकीने जमाखर्च वाचावा, एकाने वस्तीच्या पाण्याचा अर्ज तयार करून स्वतः नेऊन द्यावा. चुकले तर शिकवा, खुर्ची मात्र परत ओढून घेऊ नका. पुढच्या वर्षी याच पंधरांनी नवे पंधरा बसवायचे.

ज्याच्या मागे दुसरा तयार नाही, तो नेता नव्हे, नुसता पदाधिकारी.

जय भीम!