सशाचा कोपरा: आयर्लंडच्या शेतातल्या ‘बिनकामाच्या’ जमिनीची गोष्ट



आपल्या सातबाऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराबा. खडकाचा, ओढ्याचा, पीक न येणारा जो तुकडा असेल तो त्यात धरतात. आज मी अशाच जमिनीबद्दल बोलणार आहे, पण ती आपल्याकडची नाही. ती आहे आयर्लंडमधली. युरोपच्या पश्चिम टोकाला समुद्रात हे बेट आहे. तिथं बारा महिने रिमझिम पाऊस पडतो. त्यामुळे गवत कायम हिरवं. गाई, मेंढ्या, दूध, लोणी आणि बटाटा यांवर तिथला शेतकरी जगत आला.

त्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात एक जुना शब्द आहे, ‘सशाचा कोपरा’. घोड्याचा नांगर शेताच्या टोकाला, जिथं दोन बांध तिरपे मिळतात, तिथं नीट वळत नसे. तेवढा तुकडा तसाच राही. त्यात गवत वाढे, काटेरी झुडपं येत. आयर्लंडचा ससा बिळात राहत नाही. उंच गवतात अंगापुरती जागा दाबून तो बसतो, आणि त्याची पिल्लंही उघड्यावरच जन्मतात. त्याला असा कोपरा म्हणजे घरच. म्हणून नाव पडलं सशाचा कोपरा.

हिशोबाच्या वहीत या कोपऱ्याचं उत्पन्न शून्य. पण घरातल्या बाईला विचारलं असतं, तर तिनं वेगळा हिशोब सांगितला असता.

आयर्लंडमध्ये जंगल फार थोडं उरलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शंभर एकरांत एखाद-दीड एकरच झाडी होती. त्यामुळे बांधावरची वई, म्हणजे हॉथॉर्नसारख्या काटेरी झाडांचं जिवंत कुंपण, हेच खेड्याचं जंगल. तिथं ब्लॅकबेरीची फळं मिळत. ओलसर कोपऱ्यात विलोची झाडं असत, त्यांच्या लवचीक काठ्यांच्या टोपल्या विणत. दलदलीतली काळी माती कापून, वाळवून चुलीत जाळत, आणि त्या जळणाच्या टोपल्या पाठीवरून वाहण्यात बायाही असत. लव्हाळ्याचा गाभा चरबीत बुडवला की त्याचा दिवा होई. फेब्रुवारीच्या आरंभी संत ब्रिजिटच्या सणाला त्याच लव्हाळ्याचा क्रूस विणून दारावर लावत. वसंतात आग करणाऱ्या नेटल झुडपाची कोवळी पानं उकडून भाजी करत. कोंबड्या आणि हंसबदकं याच कडेकपारीला चरत. अंड्यांचे पैसे बाईचे. त्यातून चहा आणि साखर येई.

म्हणजे ज्या जमिनीची मोजणी नव्हती, तिच्यावर बाईची मिळकत उभी होती. आणि त्या मिळकतीचीही मोजणी नव्हती. ही जोडी लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते.

आता थोडं मागं जाऊ. 1841 साली आयर्लंडची लोकसंख्या 80 लाखांहून जास्त होती. चांगली जमीन जमीनदारांकडे होती आणि त्यांतले पुष्कळजण इंग्लंडमध्ये राहत. कुळांनी खंड भरायचा. वाटण्या होत होत शेताचे तुकडे इतके लहान झाले, की गरीब माणूस डोंगराच्या चढावर आणि दलदलीच्या कडेला सरकला. जिथं नांगर चालत नाही तिथं फावड्यानं गादीवाफे करून त्यानं बटाटा लावला. श्रीमंतांना जी जमीन बिनकामाची वाटत होती, तीच गरिबाचं पोट भरत होती.

1845 साली बटाट्यावर करपा आला. पीक काळं पडून जमिनीतच सडलं. पुढची काही वर्षं हेच चाललं. सुमारे 10 लाख माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं मेली, आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्याच काळात गाई, लोणी, धान्य जहाजांतून बाहेर जातच होतं. 1847 साली एक नियम झाला: ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा, म्हणजे दहा गुंठ्यांपेक्षा जास्त जमीन आहे, त्याला सरकारी मदत नाही. मदत हवी तर जमीन सोडा. भुकेल्या माणसांनी जमीन सोडली आणि हजारो घरं पाडली गेली. त्या बेटावरची लोकसंख्या आजही 1841 एवढी झालेली नाही.

पश्चिम आयर्लंडच्या डोंगरांवर आजही तिरप्या उन्हात गादीवाफ्यांच्या ओळी दिसतात. वर गवत आहे, मेंढ्या चरतात. परका माणूस म्हणेल, केवढी जमीन रिकामी पडली आहे! ती रिकामी नव्हती, रिकामी केली गेली.

दुष्काळानंतर जमीनदारांना कुळांपेक्षा गुरं परवडू लागली. लोकांचा राग साठत गेला. 1879 साली मायकेल डेव्हिट यांनी लँड लीग ही शेतकऱ्यांची संघटना उभी केली. पुढाऱ्यांना अटक होणार हे दिसत होतं, म्हणून 1881 च्या जानेवारीत अ‍ॅना पार्नेल यांच्या पुढाकारानं बायांची वेगळी लीग निघाली. पुढारी तुरुंगात गेल्यावर लढा या बायांनी चालवला. घराबाहेर काढलेल्या कुटुंबांना त्यांनी लाकडी झोपड्या बांधून दिल्या. कुणाचा खंड किती आणि कुणाला कधी हुसकलं, याच्या नोंदी ठेवल्या. काहीजणी तुरुंगातही गेल्या. पुढारी सुटून आले, सरकारशी समेट झाला, आणि 1882 साली बायांची लीग गुंडाळली गेली. तिचे पैसे थांबवणारा पुढारी अ‍ॅनाचा सख्खा भाऊच होता. लढ्याचं फळ मात्र मिळालं. 1903 च्या कायद्यानंतर कुळं सरकारी कर्ज घेऊन मोठ्या संख्येनं जमिनीची मालक झाली. कागद बहुतेक पुरुषांच्या नावावर झाले.

याच सुमारास बाईच्या हातून लोणीही गेलं. पूर्वी दूध घुसळून लोणी विकणं तिचं काम होतं. 1889 पासून सहकारी लोणी-कारखाने निघाले. लोणी चांगलं निघू लागलं, भावही बरा मिळू लागला, पण दुधाचा पैसा आता घरच्या पुरुषाच्या हातात येऊ लागला. बाईकडे कोंबड्या उरल्या, आणि कोंबड्यांना चरायला तो कोपरा.

बायांनी मग स्वतःची संघटना केली. 1910 साली वेक्सफर्ड परगण्यातल्या ब्री या गावी तिची पहिली शाखा निघाली. 1935 पासून तिचं नाव आयरिश कंट्रीविमेन्स असोसिएशन आहे. घरात नळाचं पाणी आणि वीज यावी म्हणून या बाया वर्षानुवर्षं झगडल्या. 1947 साली त्यांच्यातल्याच काहीजणींनी सहकारी बाजार सुरू केले. अंडी, भाजी, विणकाम तिथं विकायचं आणि पैसा आपल्या नावावर घ्यायचा. आपल्या बचत गटांना हे ओळखीचं वाटेल.

इथं कुणी विचारेल, इतकी वर्षं हे कोपरे टिकले कसे? थोडे अडचणीमुळे टिकले, थोडे भीतीमुळे. आयर्लंडभर हजारो गोल मातीचे बांध आहेत. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांभोवतीच्या त्या तटबंद्या. पण लोक मानत, तिथं परीलोकाची माणसं राहतात. आत कुदळ मारली तर गाय मरेल, मूल आजारी पडेल. एकटं उभं हॉथॉर्नचं झाड तोडायलाही माणूस धजत नसे. आपल्या देवराईतली फांदी तोडताना हात थबकतो, तसंच. 1999 साली क्लेअर परगण्यात मोठा रस्ता होत असताना असंच एक झाड वाटेत आलं. एडी लेनिहान या कथेकऱ्यांनी आवाज उठवला आणि रस्ता झाडाला वळसा घालून गेला.

या समजुतींना काळी बाजूही होती. एक गोष्ट तिथं गावोगाव सांगत: मे महिन्याच्या पहिल्या पहाटे एक ससा गाईचं दूध पिताना दिसतो. शिकारी त्याच्या पायाला जखम करतो, माग काढत झोपडीपर्यंत जातो, तर आत एक म्हातारी, आणि तिचा पाय रक्तबंबाळ. गाय आटली की संशय एकट्या राहणाऱ्या बाईवर! ही गोष्ट ऐकून आपल्याकडच्या काही बायांच्या अंगावर काटा येईल. 1937 ते 1939 या काळात तिथल्या सुमारे 5,000 शाळांतल्या मुलांनी आजी-आजोबांकडून अशा गोष्टी, औषधं, समजुती वहीत उतरवून घेतल्या. म्हणून त्या आज वाचायला मिळतात.

मग यंत्रं आली. 1949 पासून सरकारनं ओली जमीन निचरा करून लागवडीखाली आणण्याची मोठी योजना चालवली. 1973 साली आयर्लंड युरोपच्या सामाईक बाजारात गेलं. दुधा-मांसाला भाव आला, घरं सुधारली, मुलं शिकली. हे चांगलंच झालं. पण बांध मोडून शेतं मोठी झाली, कोपरे सपाट झाले, परीलोकाचे गोल बांधही पुष्कळ ठिकाणी बुलडोझरखाली गेले.

याचा फटका कॉर्नक्रेक या पक्ष्याला बसला. हा आफ्रिकेतून उन्हाळ्यात येतो, उंच गवतात लपून अंडी घालतो आणि रात्रभर ‘क्रेक-क्रेक’ ओरडतो. जुन्या माणसांना त्याच्या ओरडण्यानं झोप येत नसे. वसंतात तो येतो तेव्हा शेतातलं गवत आखूड असतं. लपायला त्याला कोपऱ्यातली नेटल आणि पिवळ्या आयरिसची झुडपंच लागतात. पूर्वी गवत विळ्यानं, उशिरा, जुलै-ऑगस्टमध्ये कापत. मुरघास आला तशी कापणी मे-जूनवर आली. यंत्र कडेनं फिरत आत येतं, पिल्लं मधल्या उभ्या गवतात गोळा होतात आणि शेवटच्या फेरीत मरतात. एके काळी गावोगाव ओरडणारा हा पक्षी आता डोनेगल, मेयो यांसारख्या पश्चिमेकडच्या थोड्या भागांत उरला आहे. ओरडणारे नर मोजले तर दोनशेच्या आसपास.

दुर्दैव असं, की सरकारी अनुदानाचा नियमही कोपऱ्याच्या विरुद्ध गेला. अनुदान जमिनीच्या क्षेत्रावर मिळू लागलं, आणि झुडपांची, दलदलीची जागा त्या क्षेत्रातून वजा होऊ लागली. आकाशातून काढलेल्या चित्रात झाडोरा दिसला की पैसे कमी. मग शेतकऱ्यानं झुडपं काढून टाकली. त्याला दोष कसा द्यायचा?

आता वारं उलटं फिरू लागलं आहे. पिल्लांना कडेला पळता यावं म्हणून मधून कडेकडे आणि उशिरा कापणी करणाऱ्याला, कोपऱ्यात नेटल राखणाऱ्याला पैसे मिळतात. 2023 पासून शेताच्या निम्म्या भागापर्यंत वई, झुडपं, तळं असलं तरी अनुदान पूर्ण धरतात. एका संस्थेनं 2021 साली क्लेअर परगण्यात ‘सशाचा कोपरा’ याच नावानं काम सुरू केलं. ज्याला हवं त्याच्या शेताच्या कोपऱ्यात छोटं तळं, देशी झाडांची राई किंवा फळबाग करायला ती मदत करते.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. राखणं म्हणजे नुसतं सोडून देणं नव्हे. त्याच भागात बरन नावाचे चुनखडीचे डोंगर आहेत. तिथं शेतकरी हिवाळ्यात गुरं वर चढवतात. गुरं जाड, वाळलेलं गवत खाऊन टाकतात, म्हणून वसंतात दगडांच्या फटींतून रानफुलं उमलतात. काही शेतकऱ्यांनी गुरं गोठ्यात बांधून मुरघास घालायला सुरुवात केली, तशी डोंगरावर झुडपं माजली आणि फुलं दबली. आता तिथं शेताला दहापैकी गुण देतात आणि गुणांप्रमाणे पैसे. जमीन चांगली राखली तर जास्त, दुर्लक्ष केलं तर कमी.

शेवटी आपल्या जोडीकडे येऊ. कोपऱ्याची मोजणी सुरू झाली, त्याला पैसे आले. ते जातात कुणाच्या नावावर? आयर्लंडच्या 2020 च्या कृषी गणनेत शंभर शेतांपैकी जेमतेम 13 शेतं बाईच्या नावावर होती. फळं वेचणारी, टोपल्या विणणारी, कोंबड्या राखणारी तीच. कोपऱ्याला किंमत आली तेव्हा मात्र कागदावर तिचं नाव शोधावं लागतं.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक करून पाहा. गावातल्या ज्या जागेला सगळे पडीक म्हणतात, तिथून कोण काय आणतं याची यादी करा: सरपण, रानभाजी, चारा, औषधी पाला, शिंदीची पानं, काहीही. तिथं कुठले पक्षी-प्राणी दिसतात तेही लिहा, आणि म्हाताऱ्या बायांना आधी विचारा. उद्या त्या जागेवर काही करायचं ठरलं आणि ग्रामसभेत कुणी म्हणालं, की ती तर बिनकामाची आहे, तर ही यादी तुमच्या हातात असू द्या.