छोट्या वीज कंपनीत ऑटोमेशन कुठून शिरलं?

वीज कंपन्यांच्या ऑटोमेशनचा इतिहास वाचायला घ्या, गोष्ट बहुतेक वेळा कंट्रोल रूमपासून सुरू होते. मोठा संगणक, भिंतभर नकाशा, स्काडा. मोठ्या कंपन्यांपुरतं ते ठीक आहे. छोट्या कंपनीचा इतिहास मात्र त्याच टोकाने वाचलात तर फसाल. माझ्या मते तिथे ऑटोमेशन सबस्टेशनातल्या रिलेतून आलं, आणि पुढची डोकेदुखीही तिथूनच निघाली.

रिले म्हणजे काय, ते आधी. लाइनवर शॉर्ट सर्किट झालं की ते ओळखून ब्रेकरला उघडायला लावणारं उपकरण. जुन्या रिलेत कॉइल, चकती, स्प्रिंग असायची. ट्रिप झाल्यावर एक छोटं निशाण पडायचं, बस्स. फॉल्ट कुठे झाला, ते शोधायला माणसांनी गाडी काढून लाइनीच्या कडेकडेने जायचं, रात्र असो की बर्फ.

1969 मध्ये जी. डी. रॉकफेलर यांनी एक शोधनिबंध लिहिला: अख्ख्या सबस्टेशनचं संरक्षण एका डिजिटल संगणकाकडे द्या. लगेच 1971 मध्ये कॅलिफोर्नियातल्या टेस्ला सबस्टेशनात वेस्टिंगहाउसचा संगणक बसलासुद्धा. पण तो सांभाळत होता 230 केव्हीची एकच लाइन! छोट्या कंपनीने हे लांबूनच बघायचं.

मग मायक्रोप्रोसेसर आला. एडमंड श्वाइट्झर यांनी 1977 मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतून पीएचडी केली, विषय डिजिटल संरक्षणाचा. (हो, प्रबंधातून कधीकधी खरंच काहीतरी निघतं.) 1982 मध्ये त्यांनी पुलमन गावात, घराच्या तळघरात कंपनी काढली आणि 1984 मध्ये एसईएल-21 हा डिजिटल रिले विकला. पहिलं गिऱ्हाईक कोण होतं, इकडे लक्ष द्या: मिनेसोटातली ऑटर टेल पॉवर. विरळ वस्तीच्या गवताळ मुलखात लांबच लांब लाइनी असलेली, तुलनेने छोटी कंपनी.

अशा कंपनीला हा रिले का हवासा वाटावा? तो फॉल्टचं अंतर सांगायचा. हिशेब साधा आहे. समजा लाइनची रिॲक्टन्स दर किलोमीटरला 0.4 ओहम आहे आणि फॉल्टच्या क्षणी रिलेला 12 ओहम दिसली, तर फॉल्ट साधारण 30 किलोमीटरवर. सगळी लाइन धुंडाळायची गरज नाही. शिवाय फॉल्टच्या वेळचे करंट-व्होल्टेज तो साठवून ठेवायचा आणि सिरियल पोर्टवरून वाचू द्यायचा. म्हणजे घेतला संरक्षणासाठी, पण हाताशी आलं मोजमाप, नोंद आणि दूरसंपर्काचं यंत्र.

आता डोकेदुखी. रिले एका कंपनीचा, आरटीयू दुसरीचा, मीटर तिसरीचा, आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. मॉडबस 1979 पासून होतं, पण ते कारखान्यातल्या कंट्रोलरसाठी घडलेलं. घटना नेमकी कधी घडली, ही वेळ सांगायची त्यात मुळात सोयच नव्हती. कॅनडातल्या कॅल्गरीच्या वेस्ट्रॉनिक कंपनीने डीएनपी3 बनवलं, त्यात वेळेचा शिक्का होता आणि फक्त बदललेलीच माहिती पाठवायची सोय. 1993 मध्ये ते वापरकर्त्यांच्या गटाकडे सोपवण्यात आलं. हा निर्णय मला तंत्राहूनही मोठा वाटतो. भाषा एकाच विक्रेत्याच्या मुठीत राहिली असती, तर छोट्या कंपनीला आयुष्यभर त्याच्याच दारात उभं राहावं लागलं असतं. आयईईईचं मानक म्हणून ती आली थेट 2010 मध्ये.

भाषा एक झाली तरी काम संपत नाही. रिलेतला कुठला बिंदू पडद्यावरच्या कुठल्या ब्रेकरचा, ही यादी माणसालाच लावावी लागते. दोन ओळींची अदलाबदल झाली तर पडदा ब्रेकर उघडा दाखवेल, आणि लाइन चालू असेल. म्हणूनच पडद्यावर काहीही दिसो, लाइनमन आधी जागेवर तपासून, लाइन अर्थ करून मगच हात लावतो.