द्वंद्व आणि प्रहसन : मूकपटाच्या आरंभकाळातील वर्गीकरणाचा प्रश्न

मूकपटाच्या प्रारंभी द्वंद्व हा लघुपटांना सोयीचा विषय ठरला, याची कारणे रचनेत शोधावी लागतात. स्थिर कॅमेऱ्याच्या चौकटीत दोन देह मावतात आणि मिनिटभराच्या फितीत आव्हान, झुंज व निकाल बसू शकतो. विनोदालाही हाच विषय मानवला. एडिसनच्या स्टुडिओत १८९४ साली चित्रित झालेल्या एका पटात दोन मांजरे हातमोजे घालून मुष्टियुद्ध खेळतात. रिंगण आहे, मोजे आहेत, ठोसे आहेत. नाही ती केवळ माणसाची प्रतिष्ठा. नियम शाबूत राहून हेतू नाहीसा झाला की द्वंद्वाचे प्रहसन होते.

या पार्श्वभूमीवर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांच्या पहिल्या चित्रीकरणाकडे पुन्हा पाहणे आवश्यक आहे. १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये त्यांनी पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती टिपली. इतिहासकार तिची नोंद 'वृत्तपट' अशी करतात व कथापटाचा आरंभ पुढे, १९१२-१३ च्या सुमारास मानतात. या विभागणीमागे एक साहित्यिक गृहीतक आहे : कथानक रचलेले असते, वास्तव केवळ नोंदले जाते. सावेदादांच्याच दोन पटांची तुलना केली असता हे गृहीतक डळमळते. रँग्लर र. पु. परांजपे डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून परतले तेव्हाचे त्यांचे स्वागत सावेदादांनी चित्रित केले. तेथे घटना आधी होती, कॅमेरा तिच्यामागे गेला. कुस्तीचा सामना मात्र चित्रीकरणासाठीच योजलेला होता. येथे घटना कॅमेऱ्यासाठी घडवली गेली. शिवाय कुस्तीला स्वतःचा कथनबंध असतोच. सलामी, खडाखडी, डाव-प्रतिडाव आणि चितपट ही तिची आदि-मध्य-अंतयुक्त संहिता आहे. ती कोणी लिहिलेली नाही, एवढ्यावरून तिला कथनबाह्य ठरवता येत नाही.

याच सुमारास सावेदादांनी माकडे आणि त्यांना शिकवणारा माणूस यांच्यावरही एक पट घेतला. मल्लाच्या देहावरील शिस्त आणि प्राण्याकडून करवून घेतलेली नक्कल हे दोन विषय एकाच कॅमेऱ्यासमोर आले, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. गंभीर खेळाशेजारी हास्याला जागा देण्याची रीत मराठी प्रेक्षकाला नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकात पौराणिक नाटकानंतर फार्स होत असे.

दादासाहेब फाळके यांनी हीच रीत १९१४ साली पडद्यावर आणली. 'मोहिनी भस्मासुर'च्या जोडीला त्यांनी 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी पट दाखवला. मात्र येथे फार्स केवळ जोडपटात आहे असे मानणे अपुरे ठरेल. भस्मासुराची कथा मुळात एक द्वंद्वच आहे आणि त्याचा निकाल शस्त्राने लागत नाही. मोहिनीच्या नृत्याची नक्कल करता करता असुर स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवतो. अनुकरणातून होणारा हा नाश प्रहसनाच्या तत्त्वाला जवळचा आहे. गंभीर आणि हास्यकारक यांतील सीमारेषा पौराणिक कथेच्या आतूनच जाते.

म्हणून 'आधी वास्तव, मग कथा, मग विनोद' हा विकासक्रम आपल्या मूकपटाला लागू पडत नाही. हे तिन्ही घटक आरंभापासून परस्परांत मिसळलेले होते. प्रश्न केवळ आद्यत्वाच्या मानाचा नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर बहुतेक मूकपटांची रिळे नष्ट झाली होती. देशात निघालेल्या सुमारे १३०० मूकपटांपैकी मूठभरच उरले आहेत. सावेदादांची कुस्तीही आज पाहता येत नाही. जेथे पटच उरला नाही, तेथे त्याला दिलेले नाव हाच अभ्यासकाच्या हाती राहिलेला पुरावा असतो. ते नाव चुकीचे असेल, तर आधीच हरवलेला पट इतिहासातूनही दुसऱ्यांदा हरवतो.